पोरांनी आजींकडे मागितलेला खालचा आवाज

डिसेंबर आला की शाळांमधून एक प्रोजेक्ट हमखास येतो, शेजारच्या कुणा वयस्कर माणसाला ग्रीटिंग कार्ड करून द्या, जमलं तर एखादी कॅरोल, म्हणजे नाताळचं गाणं, म्हणा आणि फोटो वहीत चिकटवा. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गेल्या नाताळपासून आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांची आणि तळमजल्यावरच्या आजींची जी गट्टी जमलीय ती इतक्या जवळून बघताना मला एक गोष्ट फार म्हणजे फार पटली, म्हणून ही पोस्ट. मुलं आजींना काहीतरी द्यायला गेली तेव्हा काहीच घडलं नाही. त्यांच्याकडे काहीतरी मागायला गेली तेव्हा दोस्ती झाली.

मुलं पाच. सगळ्यात धाकटी माझी, तिसरीतली, आणि सगळ्यात मोठा आठवीतला एक मुलगा, तो तेव्हा नुकताच राहायला आलेला आणि कुणाशी फारसा बोलायचा नाही. आजी एकट्या राहतात. आजोबा जाऊन काही वर्षं झाली, मुलगा परदेशात असतो, नेमाने व्हिडिओ कॉल करतो, अगदी मनापासून करतो. पण पोरांच्या लेखी आजी म्हणजे खडूस, कारण हाक मारली तर ओ देत नाहीत, बॉल त्यांच्या गॅलरीत गेला की गेलाच, आणि जिन्यात भेटल्या तर कुणाकडे न बघता भिंतीला धरून चालतात.

तर प्रोजेक्टचं कार्ड घेऊन ही मंडळी गेली. फिकट निळ्या कागदावर चंदेरी ग्लिटर पेनने लिहिलेलं, कडेने सगळी चमकी, मुलांनी खूप मन लावून केलं होतं. दार साखळी लावूनच थोडंसं उघडलं, पाचही जण एका दमात 'मेरी ख्रिसमस आजी' असं किंचाळले, आजींनी कार्ड घेतलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. माझी लेक वर येऊन हिरमुसून बसली, "त्यांना आवडलंच नाही गं".

माझी एक मैत्रीण ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कुणाला किती ऐकू येतं ते तपासणारी, तिला सहज हे सांगितलं तर ती म्हणाली अगं आजींना आवडलं नाही असं कशाला, त्यांना बहुतेक कळलंच नसेल. आणि मग तिने जे समजावलं ते मला वाटतं प्रत्येक मुलाला शाळेत शिकवायला हवं. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी उंच पट्टीतले जातात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ वगैरे, खालच्या पट्टीत असतात ते ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं उंच असतात ती गळतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय हे समजत नाही. त्यात मुलांचे आवाज मुळातच बारीक, बोलणं भरभर, आणि पाच जण एकत्र. आपण ऐकू येत नाही म्हणून ओरडतो तेव्हा आवाज अजून वर चढतो, शब्द अजून फाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार साठीच्या पुढच्या माणसांपैकी 25 टक्क्यांहून जास्त लोकांना रोजच्या जगण्यात अडचण होईल इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे आपण ज्यांना तुसडे म्हणून सोडून देतो त्यातले कितीतरी जण फक्त न ऐकू आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नसतात, मला हा विचार आला आणि फार वाईट वाटलं.

कार्डचंही तसंच. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं, आणि साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. फिकट निळ्यावर चंदेरी अक्षरं, तीही दाराच्या अंधाऱ्या फटीत. वाचणार काय त्या?

पोरांना हे सगळं सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मुलांना कारण कळलं की ती पटकन मोठी होतात.

खरी सुरुवात दोन दिवसांनी झाली. 24 तारखेच्या संध्याकाळी बिल्डिंगखाली छोटासा कार्यक्रम ठरला होता आणि पोरांनी हट्टाने 'सायलेंट नाइट' ही कॅरोल दोन आवाजात म्हणायचं ठरवलं, निम्मे वरचा आवाज म्हणजे नेहमीची चाल, निम्मे खालचा म्हणजे त्याच वेळी खालच्या सुरातली वेगळी चाल. व्हायचं असं की चार ओळी झाल्या की खालचे सगळे हळूहळू वरच्या चालीवर सरकायचे. यूट्यूब बघून झालं, कीबोर्डवर एकेक सूर दाबून झालं, काही उपयोग नाही, रडारड आणि भांडणं मात्र सुरू झाली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अरे खालच्या आजींना विचारा ना, त्या किती वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये (तिथल्या गाणाऱ्यांच्या गटात) होत्या.

यावेळी मुलांनी पांढऱ्या कागदावर काळ्या जाड मार्करने मोठ्ठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. 'आजी, आम्हाला खालचा आवाज जमत नाहीये. तुम्ही शिकवाल का? उद्या पाच वाजता आलो तर चालेल का?' दार न वाजवता ती खालून सरकवली. दुसऱ्या दिवशी पाचला गेलो (मीही गेले बरोबर, ते मला गरजेचं वाटतं, त्याबद्दल पुढे लिहिते) तर साखळी काढलेली होती आणि दार आधीच उघडं.

आजी खुर्चीत बसल्या होत्या, टीव्ही बंद, पंखा बंद, खोलीतला सगळ्यात मोठा दिवा लावलेला. "म्हणा बघू," एवढंच म्हणाल्या. मुलांनी म्हटलं. मध्येच हात वर करून थांबवलं. "वरचा आवाज म्हणणाऱ्यांनी गप्प बसायचं. आज कुणालाही वरची चाल म्हणायची नाही. आज सगळ्यांनी खालचीच शिकायची." मुलं बघतच राहिली. आजी म्हणाल्या की कान नेहमी सगळ्यात वरच्या आणि ओळखीच्या चालीकडे ओढला जातो, खालचा आवाज टिकवायचा तर तो स्वतंत्र गाणं म्हणून पाठ हवा, इतका पाठ की शेजारी कुणी काहीही म्हणत असलं तरी हलायला नको. आणि वरचा आवाज म्हणणाऱ्यांनाही तो यायला हवा, तरच आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत ते कळतं. हे वाक्य त्या अगदी साध्या सुरात बोलून गेल्या, मला मात्र रात्रभर पुरलं.

मग त्यांनी त्या गाण्याची गोष्ट सांगितली. 1818 चा डिसेंबर, ऑस्ट्रियातलं साल्झबर्गजवळचं ओबर्नडॉर्फ नावाचं गाव. तिथला तरुण पाद्री योझेफ मोअर, त्याने दोन वर्षांपूर्वी एक कविता लिहून ठेवली होती, ती त्याने 24 तारखेला फ्रान्त्स ग्रुबर नावाच्या ऑर्गन वाजवणाऱ्याकडे नेली आणि म्हणाला याला गिटारवर म्हणता येईल अशी, दोन आवाजांची चाल करून दे. ग्रुबरने त्याच दिवशी करून दिली, रात्री दोघांनी म्हटली, मोअरने वरचा आवाज आणि गिटार, ग्रुबरने खालचा, आणि शेवटच्या ओळी क्वायरने परत म्हटल्या. म्हणजे हे गाणं पहिल्यापासून दोन आवाजांचंच आहे, आजी बोट दाखवून म्हणाल्या, तुम्ही काही वेगळं करत नाही आहात, मूळ आहे तसंच करताय. आणि ग्रुबर पेशाने कोण होता? शाळामास्तर! यावर माझी लेक म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडेपण कुणीतरी ऐन वेळी मागायलाच गेलं होतं". आजी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. हे वाक्य त्यांना नीट ऐकू आलं होतं, कारण लेक त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे उजेड घेऊन, सावकाश बोलली होती. मैत्रिणीने शिकवलेलं तिने बरोब्बर लक्षात ठेवलं होतं.

आता त्या आठवीतल्या मुलाबद्दल. तो दाराजवळ उभा होता, म्हणतच नव्हता, नुसते ओठ हलवत होता. आजींनी बरोबर हेरलं. ऐकू कमी येतं ना, मग ओठांकडे बघायची सवय असते त्यांना. "तुझा आवाज कुठे आहे रे?" तो म्हणाला आवाज फाटतो, शाळेत सांगितलंय नुसते ओठ हलव. लाल झाला होता अगदी. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि उतरेपर्यंत कधी इकडे कधी तिकडे उडतो, हे सगळ्या मोठ्यांना माहीत असतं, तरी त्या मुलाला ते कुणी शांतपणे सांगितलं नव्हतं.

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझापण फाटतो." आणि त्यांनी सांगितलं की त्या क्वायरमध्ये सोप्रानो होत्या, सगळ्यात वरचा आवाज, आणि वय झालं तसा तो येईनासा झाला. बायकांचा आवाज उतारवयात खाली येतो, स्वरतंतूंमधली लवचिकता कमी होते, श्वास पुरत नाही, वरचे सूर थरथरतात. एका नाताळला भर चर्चमध्ये सूर तुटला आणि त्यानंतर त्यांनी क्वायर सोडलं. कुणी जा म्हटलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सहन झालं नाही. आजोबा होते तोवर ते घरी म्हणायला लावायचे, ते गेल्यावर तेही थांबलं.

"ये इकडे," त्या मुलाला म्हणाल्या, "आपण दोघं खाली म्हणू."

आणि तेरा वर्षांचा तो मुलगा आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या त्या आजी, एकाचा आवाज खाली उतरत असलेला आणि दुसरीचा उतरून स्थिरावलेला, दोघं एकाच पट्टीत खालचा आवाज म्हणायला लागले. तो जिथे अडखळायचा तिथे त्या हाताने सूर दाखवायच्या, तळहात थोडा खाली, थोडा वर, क्वायरमध्ये दाखवतात तसं. चौथ्या की पाचव्या वेळेला त्याने पूर्ण कडवं न थांबता म्हटलं. मी त्याच्या आईला तिथूनच मेसेज केला, राहवलंच नाही मला.

या सगळ्याचा आकड्यांशीही संबंध आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. एकटेपणा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर म्हातारी माणसं येतात. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा याच विषयावर रिपोर्ट आला, त्यात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि दरवर्षी अंदाजे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो. पण त्याच रिपोर्टमध्ये असंही आहे की 13 ते 29 या वयातल्या 17 ते 21 टक्के लोकांनी एकटं वाटतं असं सांगितलं, आणि त्यातही प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते टीनएजर्समध्ये. म्हणजे दाराच्या त्या बाजूला एकटी आजी आणि या बाजूला आनंदी मुलं, असं चित्र खरं नाहीच. आमच्या बाबतीत दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक जण एकटा होता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

अजून एक प्रसंग सांगायलाच हवा. भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. आम्ही मोठी माणसं त्या खोलीत गेलो की फोटोकडे न बघता बोलतो, सणाच्या दिवसात तर हमखास, उगाच आठवण नको काढायला म्हणून. माझ्या लेकीने सरळ विचारलं, "आजोबा कोणता आवाज म्हणायचे?" माझ्या पोटात गोळा आला. पण आजींचा चेहरा उजळला. आजोबांना गाता यायचंच नाही म्हणे, अजिबात नाही, पण दर नाताळला चर्चबाहेर थांबून थंडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, कारण आत बसलं की त्यांना म्हणावंसं वाटायचं आणि शेजारचे वैतागायचे. मग अर्धा तास आजोबाच. त्यांचा स्कार्फ, त्यांचं सायकलवरून पडणं, त्यांनी स्वतः बनवलेला कागदी स्टार, जो ते गेल्यापासून लावलाच नव्हता. आजोबांचं नाव त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्याने घेतलं असेल. गेलेल्या माणसाची आठवण काढल्याने दुःख होतं असं आपण समजतो, पण ते दुःख तर तिथे असतंच, आपण न बोलल्यामुळे ते फक्त एकटीने सांभाळायला लागतं.

रॉबर्ट बटलर नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 1963 मध्ये यावर लिहिलं. तोपर्यंत म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी उगाळत बसतात याकडे बुद्धी कमी होत चालल्याचं लक्षण म्हणून बघायचे. बटलर म्हणाले की नाही, ही नैसर्गिक आणि गरजेची गोष्ट आहे, माणूस उतारवयात आपलं आयुष्य पुन्हा उलगडून बघतो, त्याची संगती लावतो. आणि स्मरणशक्तीवरच्या अभ्यासांतून हेही दिसलंय की उतारवयात आठवणी सगळ्यात जास्त येतात त्या साधारण 10 ते 30 या वयातल्या. म्हणजे मुलांनी "तुम्ही आमच्याएवढ्या होतात तेव्हा काय करायचात?" असं विचारलं की ते थेट आठवणींच्या सगळ्यात भरलेल्या कप्प्याला हात घालतात. मोठी माणसं विचारतात "तब्येत कशी आहे?" त्याला उत्तर काय, "ठीक आहे". संपलं.

तो स्टार मुलांनी शोधून काढला आणि लावला. लायटिंगची वायर मात्र जमिनीवरून दारापर्यंत नेली होती ती मी वरून फिरवून घ्यायला लावली. हे बारीक वाटेल पण अजिबात बारीक नाही, पडण्यामुळे जगात दरवर्षी अंदाजे 6 लाख 84 हजार माणसं दगावतात आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची असतात. नाताळच्या दिवसात घराघरात जमिनीवर नवीन वायरी, नवीन खोकी, गुंडाळलेले कागद येतात, आणि त्या घरातल्या माणसाचे पाय मात्र जुन्याच वाटेने चालतात. म्हातारं माणूस भिंत धरून चालतं ते उगाच नाही. जिन्यात आजी कुणाकडे बघत नाहीत याचंही कारण पोरांना तेव्हाच कळलं, त्या पायरी बघत असतात.

24 चा कार्यक्रम छान झाला. आजी खुर्चीत बसून खालच्या आवाजात होत्या, आठवीतला मुलगा शेजारी उभा. एका जागी सगळेच घसरले आणि सावरले. बस, त्याबद्दल एवढंच, कारण मला लिहायचंय ते जानेवारीबद्दल.

नाताळ संपला की भेटी संपतात. कॅरोल म्हणणारे ग्रुप, कार्डं, सेल्फी, सगळं पहिल्या आठवड्यात आटोपतं आणि ज्या घरी डिसेंबरभर बेल वाजत होती तिथे एकदम शांत होतं. मला ही भीती होतीच. पण आजींनी स्वतःच तोडगा काढला. मुलांना म्हणाल्या, "अजून तुम्हाला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. शनिवारी या." आणि पोरं गेली, कारण काम अर्धवट राहिलं होतं. मग कुणी कविता पाठांतर घेऊन जायला लागलं, कुणी वाचनाचा धडा. चौथीतला एक जण अडखळत वाचतो, तो आजींसमोर न लाजता वाचतो, कारण आजींना कमी ऐकू येतं म्हणून त्याला सावकाश आणि स्पष्टच वाचावं लागतं, आणि तेवढ्यानेच त्याचं वाचन सुधारायला लागलं.

म्हाताऱ्या माणसांना कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटतं, हे काही मी नवीन शोधलेलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एक्सपीरियन्स कोअर नावाचा उपक्रम राबवला गेला, त्यात साठीच्या पुढची माणसं आठवड्याला 15 तास प्राथमिक शाळांमध्ये मुलांना वाचायला मदत करायची, आणि संशोधकांनी त्याचा अभ्यास केला तो मुलांच्या शिकण्यासाठीही आणि त्या मोठ्या माणसांच्या तब्येतीसाठीही. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात ह्युमानिटास नावाचा वृद्धाश्रम आहे, तिथे कॉलेजचे विद्यार्थी भाडं न देता राहतात, बदल्यात महिन्याला 30 तास चांगले शेजारी म्हणून वागायचं, एवढीच अट. सिॲटलमध्ये 1991 पासून एका वृद्धाश्रमाच्या इमारतीतच लहान मुलांचं पाळणाघर चालतं. या सगळ्या ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते, भेट ठरलेली असते. मूड आला तर जाऊ, सणाला जाऊ, असं नसतं. वाट बघायला एक वार असतो. म्हाताऱ्या माणसाला तो वार किती लागतो हे आजींच्या कॅलेंडरकडे बघून कळतं, प्रत्येक शनिवारभोवती काळ्या मार्करने गोल आहे.

आता आईबाबांसाठी थोडं. मुलांनी शेजारी कुणाकडे जायचं तर पहिल्यांदा आपण बरोबर जायचं, आपण त्या माणसाला नीट ओळखायचं, आणि नंतरही मुलं दोघं-तिघं मिळूनच जातील, दार उघडं असेल, किती वाजता परत येणार हे आपल्याला माहीत असेल. यात अविश्वास नाही. उलट त्या आजी-आजोबांनाही त्याने मोकळं वाटतं. मुलांना सर्दी खोकला असेल तर त्या दिवशी नाही म्हणजे नाही, मुलांचा साधा फ्लू वयस्कर माणसाला हॉस्पिटलपर्यंत नेऊ शकतो. अर्धा-पाऊण तास पुरे, कमी ऐकू येणारं माणूस बोलणं समजून घेताना खूप थकतं, सगळं लक्ष त्यातच जातं, आणि मुलं छान वागतायत म्हणून ते माणूस थकलोय असं म्हणणार नाही. फोटो विचारून. सरप्राइज अजिबात नको, आधी चिठ्ठी नाहीतर फोन. आणि आपण जे मागायला चाललोय ते खरं असलं पाहिजे. उगाच खोटं काहीतरी विचारायला पाठवलं तर म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं, त्यांना आयुष्यभराची सवय असते माणसं ओळखायची. कुणाला विणकाम येत असेल, कुणाला रेडिओ दुरुस्त करता येत असेल, कुणाला हिशेब, कुणाला झाडं. मुलाला खरंच काय अडलंय ते आधी शोधा आणि मग दार शोधा.

सगळ्यांकडे असं जमेलच असं नाही हेही खरं. आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या एका आजोबांनी मुलांना नको म्हणून सांगितलं, त्यांना शांतता हवी आहे, आणि तोही त्यांचा हक्क आहे. मुलांना हे शिकवणं मला तितकंच गरजेचं वाटतं की नकार मिळाला म्हणजे माणूस वाईट नसतो. दिसले की हसायचं, बस.

यंदाचा नाताळ जवळ आलाय आणि सध्या तळमजल्यावर कडाक्याचा वाद चालू आहे. पोरांना यावेळी काहीतरी फास्ट, टाळ्या वाजवत म्हणायचंय, बीट लावून. आजींचं म्हणणं की फास्ट गाण्यात पोरं श्वास चोरतात आणि खालचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, मग म्हणायचा कशाला? आठवीतला मुलगा आता नववीत आहे, आवाज बऱ्यापैकी बसलाय, तो आजींच्या बाजूने आहे. माझी लेक दुसऱ्या पार्टीची पुढारी. काल ती दोन हात कमरेवर ठेवून, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून आजींना म्हणाली, "आजी, तू, एकदा, ऐकून, तर, बघ." आजी म्हणाल्या ऐकते, पण आधी खालचा आवाज पाठ करून ये.

शनिवारपर्यंत तिला तो पाठ करायचाय, त्यामुळे घरात सध्या दिवसभर तोच चालू आहे.